वाढदिवस कोणाचा?

अलीकडे आपल्या गावात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे वाढदिवस ज्या थाटाने साजरे होऊ लागले आहेत, तो थाट पाहिला म्हणजे पूर्वी लग्नाच्या बैठकीत जे प्रश्न निघत ते सारे आता वाढदिवसाच्या बैठकीत निघतात, असे म्हणावेसे वाटते. सभागृह कोणते घ्यावे, पाने किती होतील, फलक किती हात लांब असावा, डी. जे. कोणाचा आणावा, केक किती मजल्यांचा असावा, यांवर घरोघरी खल चालतो. ज्याच्यासाठी हे सारे व्हावयाचे तो मुलगा मात्र त्या बैठकीत बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘अमक्याचा झाला त्याहून कमी नको.’ या एका वाक्यानेच आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या बाबतीत केवळ पालकांस किंवा मुलांस दोष देण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांस नाही. वर्गात कोणाचा वाढदिवस असला की त्याचे नाव फळ्यावर लिहावयाचे, टाळ्या वाजवावयाच्या, त्याने वाटलेली गोळ्या-चॉकलेटे आपणही हसतमुखाने घ्यावयाची, ही प्रथा आम्हीच रूढ केली. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात असेच एकदा थट्टेने आम्ही मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यास विचारले, ‘काय रे, पुढच्या आठवड्यात तुझा ना? मग आम्हांला काय खाऊ घालणार?’ वर्ग हसला. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले. ताप आला असेल म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो. पाचव्या दिवशी त्याच्या गल्लीतील एका मुलाने सांगितले की, तो शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरावयास जातो. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील रात्रपाळीस निघाले होते. आईने बसावयास सतरंजी टाकली. मुलगा दाराआड उभा होता. हकीकत अशी की, वर्गातील ज्यांच्या घरी तो जेवून आला होता त्या सर्वांस बोलवावयाचे, तर किती पैसे लागतील, याचा त्याने वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब केला होता, आणि तेवढे पैसे मिळेतो शाळेत तोंड दाखवावयाचे नाही असे मनाशी ठरविले होते. आई म्हणाली, ‘सर, त्यानं आम्हांला काही मागितलं नाही. मागितलं असतं तर आम्ही शेठकडून उचल घेतली असती. म्हणूनच त्यानं मागितलं नाही.’

त्या वाक्यावर आम्हांस काही बोलता आले नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या बापाच्या उचलीचा भार कळत होता, आणि चाळिशीकडे झुकलेल्या त्याच्या शिक्षकाला आपल्या एका वाक्याचा भार कळला नव्हता. तेव्हापासून वाढदिवस हा विषय आम्ही थट्टेवारी नेत नाही.

आता कोणी म्हणेल की, मग वाढदिवस साजरे करूच नयेत काय? आमचे मत तसे मुळीच नाही. चौदा ते सोळा हे वय मोठे विलक्षण असते. आवाज फुटत असतो, मिसरूड फुटत असते. लहानांत बसावे तर लाज वाटते, मोठ्यांत बसावे तर कोणी बसू देत नाही. अशा वयात ‘तू आम्हांस हवा आहेस’ हे घराने एकदा स्पष्टपणे सांगण्यास वाढदिवसासारखा दुसरा दिवस नाही. एरवी ‘अभ्यास कर’, ‘मोबाईल ठेव’ यांपलीकडे ज्या मुलाच्या कानी घरात शब्द पडत नाही, त्याला वर्षातून एक दिवस तरी कौतुकाचा हवा. तेव्हा प्रश्न साजरा करावा की नाही हा नसून तो कशासाठी, कोणाच्या बळावर आणि कोणाच्या विचाराने साजरा करावा, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणां बुऱ्हाणपूरकरांस फार दूर जावे लागत नाही. ज्याच्या नावाशी आपल्या गावचा शाही किल्ला जोडलेला आहे त्या शहाजहानाचाच एक वाढदिवस इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. तेव्हा तो बादशहा नव्हता, शहाजादा खुर्रम होता. 1607 साली काबूल येथील एका बागेत, चांद्र गणनेने त्याचे सोळावे वर्ष आले असता, बाप जहांगीर याने त्याची तुला केली. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत लिहिली आहे. मुलाची प्रकृती ठीक नव्हती, ज्योतिष्यांनी ते वर्ष त्याला जपण्याचे आहे असे सांगितले होते, म्हणून सोने, रुपे व इतर धातू यांच्याशी त्याचे वजन करून ते सारे फकिरांना व गरजूंना वाटण्याचा हुकूम झाला. या प्रसंगाचे सुंदर चित्र आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. चित्रात पारड्यात बसलेला कोवळा मुलगा दिसतो आणि त्याला स्वतः आधार देणारा बाप दिसतो.

बादशहाच्या घरची ही गोष्ट सामान्यांनी काय म्हणून ऐकावयाची, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो योग्यच आहे. ते सोने रयतेच्या घामातूनच आले होते, हेही आम्ही विसरत नाही. तरी त्या प्रथेतील एक विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. तुला ही मूळची आपल्या देशातील दानाची रीत. अकबराने ती आपल्या दरबारात घेतली. तिच्यात मुलाचे वजन होते, पण ते वजन घरात राहत नाही, दुसऱ्याच्या घरी जाते. मुलगा जितका वाढला तितके इतरांना अधिक मिळते. आपला मुलगा वाढला याचा आनंद शेजाऱ्यालाही व्हावा, अशी ही योजना आहे. आजच्या वाढदिवसात पारडे उलटे झाले आहे. मुलगा एका वर्षाने वाढतो आणि पाहुण्यांच्या खिशातील भार तेवढा कमी होतो.

पुढे हाच खुर्रम बादशहा होऊन दख्खनच्या मोहिमेसाठी आपल्या बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. ती वर्षे, 1630 ते 1632, गुजरात, खानदेश व दख्खन या प्रदेशांत भीषण दुष्काळाची होती. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडण्यात आले. शिवाय बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटण्याचा हुकूम झाला. सोमवारच का? तर बादशहाच्या राज्यारोहणाचा वार तो होता. वीस सोमवारी मिळून एक लाख रुपये वाटले गेले. दुष्काळाच्या मानाने ही मदत अपुरीच होती. परंतु स्वतःच्या मानाच्या दिवशी आपण घ्यावयाचे नसते, द्यावयाचे असते, ही समजूत त्या काळी या गावात वावरत होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

त्याच मुक्कामात आणखी एक जन्म या गावात झाला. 17 जून 1631 रोजी मुमताजमहलने आपल्या चौदाव्या अपत्यास, गौहरआरा या मुलीस, जन्म दिला आणि त्याच प्रसूतीत ती मरण पावली. तिचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते. तापीपलीकडे जैनाबाद येथील आहूखान्यात तिचा देह काही महिने विसावला व नंतर आग्र्यास नेण्यात आला. ताजमहाल जगाने पाहिला. पण ती मुलगी पुढे पंचाहत्तर वर्षे जगली, आणि तिचा प्रत्येक वाढदिवस हा तिच्या आईचा मृत्युदिन होता, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या आया सुखरूप आहेत, त्यांनी आपल्या वाढदिवशी एकदा राजघाटावर उभे राहून पैलतीराकडे पाहावे. ज्या दिवशी तुम्ही जन्मलात त्या दिवशी आणखी एक व्यक्ती जीव मुठीत धरून होती, हे ध्यानी येईल. मग त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तीच व्यक्ती चुलीपाशी राबावी आणि तुम्ही मात्र मित्रांसह छायाचित्रे काढीत बसावे, हे तुम्हांस शोभणार नाही.

आमच्या लहानपणी, कोकणी बोलणाऱ्या आमच्या घरात, वाढदिवस तिथीने होई. सकाळी न्हाणे, देवाला व वडीलधाऱ्यांना नमस्कार, संध्याकाळी पाटावर बसवून औक्षण आणि जेवणात चण्याच्या डाळीचे व नारळाच्या रसाचे मणगणे, एवढाच सोहळा. भेट म्हणून काही मिळाल्याचे आठवत नाही. परंतु त्या दिवशी वडील रागावत नसत, हे मात्र पक्के आठवते. जुने ते सारे सोने असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी बहुतेक घरांत मुलींचे वाढदिवस कोणाच्या ध्यानातही नसत, ही त्याच जुन्या काळाची दुसरी बाजू आहे. केकवर मेणबत्त्या लावण्याची चाल जर्मनीकडून आली, म्हणून ती वाईट, असेही आमचे म्हणणे नाही. बटाटा आणि मिरची हीसुद्धा परदेशातूनच आली आणि आपल्या घरात सुखाने नांदत आहेत. चाल कोठून आली यापेक्षा ती आपल्या घरी येऊन काय करते, हे पाहावे.

आणि ती काय करते, हे आता स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. रस्त्यात मोटारसायकलवर केक ठेवून तो तलवारीने कापण्याच्या, मित्राला लाथाबुक्क्यांनी ‘शुभेच्छा’ देण्याच्या, तोंडाला केक फासून अंडी फोडण्याच्या चाली आता लहान गावांतही पोहोचल्या आहेत. अशा तलवारीपायी शस्त्र अधिनियमाखाली तरुणांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात व आपल्या मध्य प्रदेशातही वारंवार येतात. फवाऱ्याच्या डब्यातून जो कृत्रिम बर्फ उडवितात त्यात पेट घेणारा वायू असतो. जळत्या मेणबत्तीजवळ तो उडविल्याने मुलांचे चेहरे भाजल्याची उदाहरणे घडली आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावणे 2000 सालच्या नियमांनी मना आहे, आणि शेजारी कोणी आजारी असो, परीक्षार्थी असो, दहाच्या आधीही त्याचा विचार करणे हे नियमावाचूनच समजले पाहिजे.

पालकहो, एक विनंती विशेषतः आपणांस आहे. पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलास मोटारसायकल देऊ नका. सोळाव्या वर्षीसुद्धा कायदा केवळ पन्नास सी. सी. पर्यंतच्या यंत्राची दुचाकी चालविण्याची मुभा देतो. मोटार वाहन कायद्यातील 2019 सालच्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते व त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण कायद्याचे भय हे दुय्यम कारण होय. ज्या मुलाचे पुढचे सर्व वाढदिवस आपणांस पाहावयाचे आहेत, त्याच्या हाती हा धोका आपणच कसा द्यावा?

असो. नुसता निषेध करून लेख संपविणे सोपे असते. वाढदिवस कसा करावा, याविषयी आमची एक साधी योजना आहे, ती पुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, वाढदिवसाची आखणी ज्याचा वाढदिवस त्यानेच करावी. आईवडिलांनी त्याला फक्त रक्कम सांगावी. ती घरच्या मिळकतीतून, कर्ज किंवा उचल न घेता, निघणारी असावी, मग ती दोनशे रुपये असो की दोन हजार. मुलाने वहीत जमाखर्च मांडावा, बाजारात जावे, भाव विचारावा, घासाघीस करावी आणि दिवस संपल्यावर हिशोब वडिलांपुढे ठेवावा. नफातोट्याची पन्नास उदाहरणे सोडवून जे कळत नाही, ते या एका वहीत कळेल.

दुसरी गोष्ट, बोलावणे मोजक्यांनाच असावे, पण निवड श्रीमंतीवरून नसावी. ज्याच्या घरी आपण जेवून आलो त्याला बोलवावेच लागते, ही परतफेडीची भाषा सोयरीकसंबंधांत ठीक, मैत्रीत नव्हे. शिवाय मागच्या बाकावरील, सहसा ज्याला कोणी बोलावीत नाही, असा एक तरी सोबती पाहुण्यांत असावा. बोलावताना स्वच्छ सांगावे की, हात रिकामे घेऊन या. भेटवस्तू नको, पाकीट नको. फार तर प्रत्येकाने आपले वाचून झालेले एक पुस्तक आणावे आणि दुसऱ्याचे घेऊन जावे.

तिसरी गोष्ट, खाणे घरचे किंवा गावचे असावे. आपल्या गावचा दराबा आणि माव्याची जिलबी बाहेरगावचे लोक वाखाणतात आणि आपण मात्र दूरच्या शहरातल्या केकचा ध्यास घेतो. हिवाळा असेल तर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांसारखी मेजवानी नाही. केळी तर आपल्या शेतातली. त्या दिवशी मुलाने स्वतः एखादा पदार्थ करावा आणि पहिले ताट आईला वाढावे. मग आईने निरांजन लावून औक्षण करावे. मेणबत्तीही लावावयाची असेल तर खुशाल लावावी.

चौथी गोष्ट, बसून पडद्याकडे पाहण्याऐवजी मित्रांसह कोठे तरी जावे. सायकलीवर किंवा पायी कुंडी भंडाऱ्यास जावे. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत झालेली ही योजना आहे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवून, शंभराच्या आसपास कुंड्यांच्या माळेतून, केवळ उताराच्या बळावर, कोणत्याही यंत्रावाचून गावात आणलेले आहे. हा रहीम मोठा दाता होता, आणि देताना तो नजर खाली ठेवी, अशी आख्यायिका आहे. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून देणाऱ्याने खाली पाहावे! त्याच्या काळातले पाणीही तसेच, जमिनीखालून, कोणास न दिसता वाहत आले. चौकातील फलकावर आपल्या मुलाचे छायाचित्र लावणाऱ्यांनी या कुंडीपाशी घटकाभर थांबावे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, ठरविलेल्या रकमेतला काही भाग, मग तो विसावा हिस्सा का असेना, दुसऱ्यासाठी राखावा, आणि तो कोणाला दिला हे कोणास सांगू नये.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘लोक काय म्हणतील?’ लोक दोन दिवस बोलतील हे खरे आहे. परंतु त्याच लोकांपैकी कित्येकजण मनातून सुटकेचा निःश्वास टाकतील, कारण पुढचा क्रम त्यांचा असतो. ही चढाओढ कोणाला मनापासून हवी असते असे आम्हांस वाटत नाही. ती प्रथम थांबविण्याचा मान मात्र ज्याला परवडते त्यानेच घेतला पाहिजे. गरिबाने साधेपणा केला तर त्याला नाइलाज म्हणतात, संपन्नाने केला तर त्याचा पायंडा पडतो. डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या 1962 साली त्यांचा जन्मदिवस साजरा करण्याची कल्पना निघाली, तेव्हा तो सर्व शिक्षकांचा दिवस म्हणून पाळावा, असे त्यांनी सुचविले. ज्याला मान मिळतो त्यानेच तो वाटून टाकला, म्हणून ती प्रथा देशभर टिकली.

आमच्या वर्गापुरता आम्ही एक बदल केला आहे. फळ्यावर आता एकट्याचे नाव लिहीत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यात जन्मलेल्या सर्वांची नावे एकत्र लिहितो, एक गाणे होते, एक गोष्ट होते. काहीही वाटले जात नाही आणि शिक्षक कोणालाही ‘खाऊ काय देणार’ असे विचारीत नाही. हा नियम मुलांसाठी म्हणून केला, पण त्याची खरी गरज आम्हांसच होती.

त्या मागच्या बाकावरील मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या संध्याकाळी आम्ही त्याची क्षमा मागितली. विद्यार्थ्याची क्षमा मागणे पुस्तकातून शिकविलेले नसते, त्यामुळे ते आम्हांस नीट जमले नाही, पण त्याने ते सांभाळून घेतले. सोमवारी तो शाळेत आला. मधल्या सुटीत जवळ येऊन त्याने हळूच विचारले, ‘सर, कांड्यांचे पैसे मिळालेत. त्यांचं काय करू?’ आम्ही म्हणालो, ‘ते तुझे आहेत, तूच ठरव.’ त्याने मान डोलाविली व तो खेळावयास गेला. त्या पैशांचे त्याने पुढे काय केले, हे आम्ही त्याला विचारले नाही.